न लावलेली जोड

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको चारा छावणीत वाढं तोडत बसलो होतो. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. ती मोळीतून चार-चार वाढं ओढून ओंडक्यावर धरायची आणि मी कोयता मारायचो. तिची बोटं आणि माझा कोयता यात वीतभर अंतर. इतकी वर्षं असंच तोडत आलो, एकदाही तिला लागलं नाही. समोर दाव्याला दोन बैलं आणि एक म्हैस. डोक्यावर हिरवं कापड बांधलेलं, ते फाटलेलं, त्यातून ऊन गळत होतं. हातानं काम आणि तोंडानं आमची कुस्ती चालली होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजच्यातलं शेवटचं काम ते.

माझं शिक्षण तिसरी. लिहायची सवय नाही. धाकटी लेक म्हणाली, आबा, तुमी बोलत तर न्हाई, निदान लिहून तरी काढा. म्हणून बसलोय.

मी जन्मभर शेती केली, पण पंचक्रोशीत मला ओळखायचे ते जोड लावणारा म्हणून. जत्रेत कुस्त्या असल्या की सकाळपासून पैलवान देवळापुढं जमतात. कोण कोणाशी लढणार ते तिथं ठरतं. वजनकाटा नसतो. जोड लावणारा एकाचा हात धरतो, दंड दाबतो, मानेवरून पंजा फिरवतो, मग दुसऱ्याचं तसंच बघतो. दोघं तोलाचे वाटले तर त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. जोड लागली. नाही वाटले तर ‘जोड होत नाही’ म्हणायचं आणि पुढं सरकायचं. त्यावर कोणी बोलत नाही. मी स्वतः पैलवान म्हणून यथातथाच होतो, पण माझ्या पंजाला माणूस कळायचा. डोळ्याला नाही कळला तरी पंजाला कळायचा.

ती पैलवानाची लेक. धारूरच्या डोंगराकडचं माहेर. माझा सासरा निजामाच्या राज्यातला नावाजलेला मल्ल, घरालगतच तालीम. बायकांनी तालमीत पाय ठेवायचा नाही, पण हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत मुरवायला ताक आणि हळद लागायची, ती घरातून हीच आणून उंबऱ्यावर ठेवायची आणि तिथंच रेंगाळायची. डाव सगळे तोंडपाठ झाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी कुस्ती बघून आली आणि भाकरी वाढता वाढता म्हणाली, तुमचा घिस्सा लई ढिला हाय. नवऱ्याला असं बोलणारी बाई आमच्या गल्लीत दुसरी नव्हती.

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. ज्यांची गाठ कधी पडली नाही, पडणं शक्यच नव्हतं, अशा मोठ्या पैलवानांची जोड लावायची. एक मेलेला, एक जिवंत. एक तिच्या आज्याच्या काळातला, एक परवा टीव्हीवर बघितलेला. दोघांनाही जोड मान्य झाली पाहिजे. झाली की एक पैलवान तिचा, एक माझा. मी डाव सांगायचा, तिनं त्याची तोड सांगायची. ज्याला तोड सुचली नाही त्याचा पैलवान चीत. भाकरी थापताना, कापूस वेचताना, एसटीची वाट बघताना, कुठंही चालायचं.

तिच्या आज्याच्या वेळेला हैदराबादचा एक पैलवान होता, तो म्हणे बसल्या बैठकीला बकरं संपवायचा. त्याच्यापुढं मी दिल्ली गाजवलेला अलीकडचा मल्ल उभा केला. ती आधी म्हणाली, त्याला बूट काढून मातीत यायला सांगा. काढले बूट. मी म्हणालो, तुझा हैदराबादवाला पाच मिनिटांत धापा टाकील. ती म्हणाली, तुमचा तवर टिकला तर ना. ती कुस्ती आम्ही खुरपणीत दोन दिवस खेळलो आणि खुरपणी संपली म्हणून बरोबरीत सोडवली.

ग्रामपंचायतीत टीव्ही आला तेव्हा बॉक्सिंग बघितलं. परदेशातले दोन धिप्पाड गडी, हातात गाद्या बांधल्यासारखे. ती दारात उभी राहून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, त्यात धरायचंच न्हाई व्हय? मी म्हणालो, धरलं तर पंच सोडवतो. मग ती म्हणाली, तो पंच त्याच्याच गावचा असंल. तरी पुढं कितीतरी दिवस आमच्यात बॉक्सर आणि पैलवान लढत होते. बॉक्सर बहुतेक माझ्याकडं असायचा आणि ती त्याची कंबर धरून त्याला आपटायची.

एक जोड मात्र मी एका सालापासून पुन्हा कधी लावू दिली नाही. तिचा बाप आणि कारखान्याचा पैलवान.

त्या काळी साखर कारखाने पैलवान सांभाळायचे. सभासदांच्या उसावर उभा राहिलेला कारखाना, त्याच्या नावानं कोणी लढला तर सगळ्या तालुक्याची छाती फुगायची. आमच्याकडच्या कारखान्यानंही एक ठेवला होता. नोकरी नावाची, सही करायची आणि तालमीत जायचं. दूध, तूप, बदाम, सगळं बसल्या जागी. भरभक्कम माणूस, दरवाजातून आडवा यायचा. दहा वर्षं त्याच्या पाठीला माती लागली नाही. सासरा त्याच्या आधीच्या पिढीतला. ज्वारीची भाकरी, मूठभर भिजवलेले हरभरे, आणि दुष्काळ पडला की तेही नाही. कारखान्याचा पैलवान नावारूपाला यायच्या आधीच सासरा वारला.

नागपंचमीला माहेरी जाऊन आली की ती हा विषय काढायची. वर्षातून एकदा. माझा बाप पंचविशीतला धरा, त्याला सहा महिने कारखान्याचं दूध पाजा, आणि मग लावा. मी म्हणायचो, जोड होत नाही. पुढच्या पंचमीपर्यंत ती पुन्हा काढायची नाही.

आता कावून होत नाही ते सांगतो. ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

पस्तीस-छत्तीस वर्षांमागच्या एका दुष्काळातली गोष्ट. सगळा मुलूख रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता. तिचा धाकटा भाऊ पण. बावीस वर्षांचा असेल. बापाची अंगकाठी घेऊन आलेला, रुंद खांदे, तसाच चालायचा. मोठा दुष्काळ असूनही आमच्या गावानं जत्रा मोडली नाही, आणि शेवटची कुस्ती कारखान्याच्या पैलवानाची ठरली होती. त्याच्याशी लढणारा सोलापूरकडून येणार होता. तो आलाच नाही. दुपार कलली. माणसं मातीभोवती बसून होती, हलगी वाजवणारा थकला. कोणीतरी म्हणालं, धारूरच्या पैलवानाचा पोरगा आलाय की, बहिणीकडं.

पोरगा कपडे काढूनच पुढं आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी त्याचा हात धरला. पंजा दगडासारखा, हातोड्यानं घट्टे पडलेले. मनगट जाड. मग मी दंड दाबला. कातडी हाडावरून सरकली. मानेवर पंजा फिरवला, मणके एकेक मोजता आले असते. वरून पैलवान, आत काही नाही. खडी फोडून फोडून आणि उपास काढून काढून आतला माणूस संपला होता. माझ्या पंजाला ते तिथल्या तिथं कळलं.

तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, जोड होत नाही. लोकांनी दगड मारले असते तर मारले असते.

मी ते म्हणालो नाही. कारखान्याच्या लोकांनी मला काही दिलं नव्हतं, कोणी दमही दिला नव्हता. मला बघायचं होतं. घरी इतकी वर्षं हवेत चाललेली कुस्ती मातीत बघायला मिळत होती. सासरा नाही तर सासऱ्याचं रक्त. तीच ठेवण, तीच चाल, त्याला बापाचेच डाव येत होते. मला क्षणभर खरंच वाटलं की सासराच उभा आहे. मी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले.

पाच मिनिटंही झाली नसतील. कारखान्याच्या पैलवानानं मानेवर घुटना ठेवला, नेहमीचा डाव, वाईट हेतूनं नाही. पोरगा बापाचंच पोर, पाठ टेकवीना. तोलाचा असता तर निसटला असता. मान दबली. महिनाभर अंबाजोगाईच्या दवाखान्यात होता. जीव वाचला, उजवा हात गेला. आजही तो हात खांद्यापासून नुसता लोंबतो.

ती तेव्हा घरी स्वयंपाक करत होती, जत्रेचे पाहुणे जेवायचे होते. तिला कळलं तेव्हा तिनं मला काहीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या सालापासून मी जोडी लावायचं सोडलं. लोकांना सांगितलं, डोळ्यानं कमी दिसतं. आमचा घरातला खेळ मात्र सहा-सात महिन्यांनी तिनंच परत काढला. तुरीच्या शेंगा सोलताना म्हणाली, बरं, एक जोड सांगते. मी हुश्श केलं. मला वाटलं, विसरली.

आता त्या दुपारकडं येतो.

छावणी कारखान्याच्याच संस्थेनं काढली होती, पाली गावाच्या पुढं, माळावर. बिंदुसरा नदीचं धरण इतकं आटलं होतं की तळाला भेगा पडल्या होत्या. पाणी टँकरनं यायचं. टँकरवाला बीडचा मुसलमान गडी, घरच्यांचं गॅरेज. आम्हाला काका-काकू म्हणायचा. पाणी हौदात सोडून तो आमच्या कापडाखाली सावलीला टेकला आणि मोबाईल काढून म्हणाला, काका, तुमचं खेळणं याच्यात आलंय बघा.

मोबाईलवर दोन बॉक्सर लढत होते. एक जुन्या काळातला, तो जिवंत असताना रंगीत फोटोसुद्धा नव्हते म्हणे. दुसरा आत्ताचा, जगात सगळ्यात भारी. दोघांत ऐंशी-नव्वद वर्षांचं अंतर. टँकरवाला म्हणाला, ये सच्ची का नहीं, कॉम्प्युटरनं लावलंय. दोघांचं वजन, उंची, ठोशाची ताकद, सगळं घालायचं, मशीन लढवतं आणि सांगतं कोण जिंकला. ती कोयत्याखालून हात काढून पुढं सरकली, डोळे बारीक करून बघायला लागली. आठव्या फेरीत जुना पडला. परत उठला. दहाव्यात पुन्हा पडला, मग नाही उठला.

तिनं टँकरवाल्याला विचारलं, “त्या जुन्याच्या येळंला त्याच्याकडं दुष्काळ हुता का, ते घातलं का मशिनीत?”

टँकरवाला हसला. “वो थोडी घालतेत काकू.”

“मग त्या मशिनीपरीस आमचं हे बरं,” ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. “हे निदान जोड होत न्हाई म्हंतेत.”

तो आणखी हसला आणि टँकर घेऊन गेला. आम्ही पुन्हा वाढं तोडायला लागलो. मी एक जोड काढली, कुठली ते आता आठवत नाही. तिनं तोड सांगितली नाही. मग म्हणाली, मशिनीनं लावली, आता तुमी पण लावा की माझ्या बापाची. पंचमीला अवकाश होता. अवेळी विचारलं म्हणून मी दचकलो, तरी तोंडातून रोजचंच आलं. जोड होत न्हाई.

तिनं वाढं ओंडक्यावर धरलं, पण माझ्याकडं बघत होती.

“माझ्या बापाची होत न्हाई,” ती म्हणाली. “मग भावाची कशी झालती?”

पस्तीस-छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढलेला नव्हता. मीठ संपलंय का विचारावं तसं विचारलं. मी कोयता खाली ठेवला. म्हणालो, म्हशीला पाणी दाखवून आणतो.

म्हैस दीड तासापूर्वीच पाणी प्यालेली होती. ती हलायला तयार नव्हती. मी दावं ओढत तिला हौदाकडं नेलं. तिनं तोंडही लावलं नाही. मी लिंबाखाली बसून विडी ओढली. मग दुसरी ओढली. मनात जुळवाजुळव चालली होती. लोकांनी आग्रह केला म्हणून सांगावं. पोरगाच पुढं आला म्हणून सांगावं. अंधुक दिसत होतं म्हणून सांगावं. चार कारणं तयार झाली, सगळी खोटी. तिसरी विडी पेटवली.

परत आलो तर ती मोळीला टेकून बसलेली होती. कपाळ ओलं. म्हणाली, पित्त झालंय, छातीत जळतंय. मी पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही. तोंड पांढरं पडत चाललं. मी ओरडलो तेव्हा आजूबाजूची माणसं धावली. टँकरवाला दुसरी खेप घेऊन आलाच होता, त्यानं छावणीचा टेम्पो काढला. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रस्ता खडीचा. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तिची पकड सुटत चालली होती, ते मला कळत होतं. मी बोलू शकलो असतो. रस्ता अर्ध्या तासाचा होता. मी नुसतं, आलं, आलं, एवढंच म्हणत राहिलो. बीडला दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि डॉक्टरनं स्ट्रेचर परत पाठवलं.

डॉक्टर मला म्हणाला, अर्धा तास आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. तो समजूत घालत होता का खरं सांगत होता, मला कळलं नाही. माणूस कळणारा पंजा त्या दिवशी काही कामाचा राहिला नाही.

तिला गावी आणलं. दोन्ही लेकी आल्या. दिवस मावळला म्हणून अग्नी सकाळी द्यायचा ठरला. सवाशीण गेली, तर माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. तिच्या भावाला फोन गेला होता. धारूरहून त्याला यायला सकाळी लवकर गाडी नव्हती. पुतण्या जातो म्हणाला. उजाडताच मी उठलो आणि म्हणालो, मी जातो. म्हातारे म्हणाले, नवऱ्यानं असं मयत सोडून जाऊ नये. मी ऐकलं नाही. टँकरवाल्यानं त्याच्या स्वतःच्या भावाची जीप आणली होती.



धारूरच्या बाजारात कापडाच्या दुकानापुढं पायरीवर तिचा भाऊ बसलेला होता, दुकान उघडायची वाट बघत. उजवा हात डाव्या हातानं मांडीवर घेतलेला. मला बघून उभा राहिला.

“दाजी, तुमी कावून आलात? आक्काजवळ कोण हाय?”

लेकी आहेत म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसलो. दुकानाला कुलूप होतं. समोर एक बाई झाडत होती. मी म्हणालो, “त्या दिवशी तुझा दंड धरला तवाच मला कळलतं. जोड होत नव्हती. तरी लावली.”

तो कुलपाकडं बघत राहिला. मला वाटलं, चांगल्या हातानं मारतो का काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“आक्काला सांगितलं का कवा?”

“तिनं काल इचारलं. मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो.”

तो म्हणाला, “दर पंचमीला आली की हा हात तेल लावून चोळायची. आणि म्हणायची, तेंनी जाणून लावली नसंल रं. चुकून लागली असंल.” लोंबता हात मांडीवर नीट करून म्हणाला, “दर साली म्हणायची.”

दुकानदार आला, कुलूप काढलं. भावानं हिरवं लुगडं निवडलं. दुकानदारानं पिशवीत घालून मला द्यायला हात पुढं केला, कारण त्याला भावाचा हात दिसला. भावानं डाव्या हातानं ते स्वतःकडं ओढून घेतलं. जीपमध्ये तो पुढं बसला, मी मागं.

घरी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. भावानं लुगडं तिच्या अंगावर ठेवलं. लेकींनी नेसवलं, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. मग मला पुढं बोलावलं, नवऱ्यानं शेवटचं कुंकू लावायचं म्हणून. मी तिच्या डोक्याशी गुडघ्यावर बसलो. बोट कुंकवात बुडवलं, लावलं. आणि तिच्या कानापाशी वाकून म्हणालो, मला कळलं होतं. जाणून लावली.

बायका रडत होत्या. माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. रडणं थांबलं, सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. थोरली लेक म्हणाली, आबा, काय म्हंतायसा? मला तिसऱ्यांदा म्हणता आलं नाही. कोणीतरी काखेत हात घालून मला उठवलं, हातात विस्तवाचं मडकं दिलं, आणि मी पुढं चालायला लागलो.